गुरुवारची झोप

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हतं. रांगायला लागल्यापासून ती एका जागी म्हणून ठरली नाही, तेव्हा बापानं हे नाव ठेवलं आणि शाळेतल्या बाईंपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. पंधराव्या वर्षी तिच्या नावावर वक्तृत्वाची तीन, धावण्याची दोन, गणिताचं एक आणि हस्ताक्षराचं एक अशी बक्षिसं जमा होती. हस्ताक्षराचं कसं मिळालं हे कोडं तिलाही उलगडलं नव्हतं. बापाचं चष्म्याचं दुकान होतं. तिथं फ्रेमांच्या मधोमध त्यानं काचेची एक अख्खी फळी तिच्या कपांसाठी मोकळी केली होती. नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावण्याआधी कपांवरची वाचायला लावायचा आणि "दिसतंय ना नीट?" असं विचारायचा. दिसत नसलं तरी गिऱ्हाईक बिचारं हो म्हणायचं.

आई गेल्यापासून घरात दोघंच. पोरीचं काही कमी पडू नये म्हणून बापानं पहाटे साडेचारचा गजर लावायला सुरुवात केली होती. गजर झाला की तो स्वतः उठून दूध तापवायचा आणि ती अभ्यासाला बसली की शेजारी बसून पेंगायचा. प्रेम करायची ज्याची त्याची पद्धत असते. ह्या पद्धतीत झोप दोघांचीही मोडत होती, एवढंच.

शाळा खासगी होती, लाल विटांची, लांबच लांब व्हरांड्याची, आणि तिला स्वतःच्या चांगुलपणाचा फार अभिमान होता. नववीपासून प्रत्येक मुलाला समाजसेवेसाठी एक निळं कार्ड मिळे. कार्डावर तारीख, तास, कामाचं स्वरूप आणि ज्याची सेवा केली त्याची सही, असे चार रकाने. बक्षीस समारंभाच्या दिवशी ही सगळी कार्डं व्हरांड्यात दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टांगायची पद्धत होती. पालक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत जात. ज्याचं कार्ड सगळ्यात भरलेलं, त्याच्या गळ्यात पदक घालायचं ते त्यानं ज्याची सेवा केली त्या माणसानं, आणि घालताना दोन वाक्यं बोलायची. दोनच, कारण एका वर्षी एक आजोबा पाऊण तास बोलले होते.

भिंगरीच्या वाट्याला आली सिस्टर. शाळेमागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावर एका खोलीत राहणारी, चाळीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी करून निवृत्त झालेली नर्स. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. शाळेनं आसपासच्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली होती आणि सरसकट सगळ्यांच्या नावापुढे 'वाचन' असं लिहून टाकलं होतं. म्हातारं माणूस दिसलं की त्याला काहीतरी वाचून दाखवावं, असा शाळेचा समज होता. सिस्टर अजून सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची, पण हे तिला कोणी विचारलंच नाही.

पहिल्या गुरुवारी दुपारी दोनला भिंगरी धापा टाकत जिना चढली. काखेत शाळेच्या वाचनालयातलं जाडजूड पुस्तक, एका बोटीच्या प्रवासाचं. खोलीत लोखंडी खाट, भिंतीवर सेकंदाचा काटा असलेलं मोठं घड्याळ, खिडकीशी वेताची आरामखुर्ची. खिडकीवर पांढरा पडदा होता. वारा आला की तो फुगायचा आणि मग पुन्हा भिंतीला टेकायचा. खालून शिंप्याच्या मशीनची घरघर जमिनीतून वर येत होती.

"बस त्या खुर्चीत," सिस्टर म्हणाली आणि स्वतः खाटेवर आडवी झाली. "वाच. घाई नाही."

भिंगरीला घाईशिवाय वाचताच येत नव्हतं. तिनं अकरा पानं धडाधड वाचली. मान वर केली तर सिस्टरचे डोळे मिटलेले, हात पोटावर जुळवलेले, श्वास संथ. आता झोपलेल्या माणसाला वाचून दाखवायचं तरी कसं? ती आणखी दोन ओळी पुटपुटली, मग गप्प बसली. पडदा फुगला, टेकला. खालचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. जरा टेकते, असं मनाशी म्हणत तिनं मान मागे टाकली.

स्वप्नात शाळेच्या व्हरांड्यात पाणी भरलं होतं, हिरवं आणि कोमट. त्या पाण्यातून एक बोट शिंप्याच्या मशीनसारखी घरघरत चालली होती आणि भिंगरी तिच्यात आडवी पडली होती. वर्गांच्या दारांत बाई उभ्या होत्या, हात हलवत होत्या, पण एकीनंही तिला कितवा नंबर आला हे विचारलं नाही. बोट कुठे चालली आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

जाग आली तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात खाटेवर सिस्टरनं कूस बदलली, डोळे उघडले आणि विचारलं, "लागला वाटतं डोळा माझा. कुठवर आलो आपण?"

भिंगरीनं पुस्तकाकडे पाहिलं. "बोट हिरव्या पाण्यात शिरली," ती म्हणाली. "काठावर बायका उभ्या होत्या. हात हलवत होत्या."

"मग?"

"मग काही नाही. बोट चालत राहिली."

"छान आहे," सिस्टर म्हणाली आणि कार्डावर सही केली.

एकदा पडलेला पायंडा मोडत नाही. दुसऱ्या गुरुवारी सिस्टरचा डोळा पाचव्या पानाला लागला, तिसऱ्या गुरुवारी दुसऱ्या पानाला. मग मग तर भिंगरी पुस्तक उघडून "तर," एवढं म्हणायची आणि खाटेवरचा श्वास संथ व्हायचा. ती खुर्चीत पाय वर घेई आणि पडद्याकडे बघता बघता बुडून जाई. घरी तिला अशी झोप येत नसे. घरी झोपेतही कान गजराकडे लागलेले असत. इथे ती दगडासारखी झोपे आणि बरोबर चारला पाच मिनिटं कमी असताना जागी होई, आणि दर वेळी सिस्टरही नेमकी तेव्हाच जागी होई.

"कुठवर आलो आपण?" सिस्टर विचारी, आणि भिंगरी पाहिलेलं स्वप्न पुस्तकातलं म्हणून सांगे. बोट एका अशा बंदराला लागली जिथली सगळी घड्याळं काढून ठेवलेली होती. बोटीवर एक बाई चढली, तिच्या अंगाला साबणाचा वास होता आणि ती भिंगरीच्या आईसारखी बोलत होती. हे सांगताना भिंगरीनं 'माझ्या' हा शब्द गिळला आणि नुसतं 'कोणाच्यातरी आईसारखी' असं म्हटलं. त्या दिवशी सहीला सिस्टरनं जरा जास्त वेळ लावला.

असे एकतीस गुरुवार गेले. एकतीस ओळी, प्रत्येकीत दोन तास, प्रत्येकीत 'वाचन', आणि प्रत्येकीपुढे सिस्टरची ठसठशीत सही.

सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका बाईंनी जाहीर केलं की यंदा समाजसेवेचं पदक भिंगरीला. बासष्ट तास. शाळेच्या इतिहासात कोणी पन्नाशीही गाठली नव्हती. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या उंच मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो वर्षभर अपंगांच्या वसतिगृहात जाऊन चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करत होता आणि त्याचे अठ्ठेचाळीस तास झाले होते. त्याच्या हातांना कायम काळं ग्रीस असायचं. तो टाळ्या वाजवत असताना भिंगरीला ते हात दिसले.

दुकानात बापानं फळीवरचे कप दोन्ही बाजूंना सरकवून मधोमध जागा केली होती. "धावणं काय, गणित काय, ते डोक्याचं आणि पायांचं," तो गिऱ्हाइकाला सांगत होता. "हे मनाचं बक्षीस आहे. हे मधेच पाहिजे." भिंगरीला तोंड वर करून बघवेना.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर ती तडक सिस्टरचा जिना चढली.

"आज बुधवार आहे," सिस्टर दार उघडत म्हणाली.

"मला सांगायचंय काहीतरी. मी वाचलं नाही. तुम्हाला झोप लागली की मी पण झोपत होते. दर गुरुवारी. पुस्तक वीस पानांच्या पुढे गेलंच नाही. मी सांगायचे ती स्वप्नं होती."

सिस्टरनं तिला खुर्चीत बसवलं. ट्रंक उघडून एक लांबट वही काढली, कडक पुठ्ठ्याची, इस्पितळात पेशंटच्या खाटेला अडकवलेली असते तसल्या उभ्या-आडव्या रेघांची. चष्मा न लावता ती वाचू लागली.

"पहिला गुरुवार. झोप लागली दोन बावीस. कूस बदलली एकदा. श्वास मिनिटाला सोळा. जाग तीन पंचावन्न. चौथा गुरुवार. झोप लागली दोन नऊ. झोपेत बोलली, 'वर्गमूळ'. डोळ्यांखाली काळं, मागच्यापेक्षा कमी. अकरावा गुरुवार. झोपेत रडली, तीन मिनिटं. उठवलं नाही. पांघरूण घातलं. नंतर शांत."

ते पांघरूण भिंगरीला आठवलं. जाग आल्यावर ते अंगावर असायचं आणि आपणच घेतलं असेल, असं तिला वाटायचं.

"तुम्ही झोपत नव्हता?"

"चाळीस वर्षं दिवसा झोपायचा प्रयत्न केलाय मी. कधी जमलं नाही, आता काय जमणार? पहिल्या दिवशी तू दारात उभी राहिलीस तेव्हाच कळलं, ह्या पोरीला ऐकणारं माणूस नकोय, निजवणारं पाहिजे. तुला वाचताना थांबता येईना. म्हणून मी डोळे मिटले."

"म्हणजे सोंग घेतलंत."

"दोघींनी घेतलं. मी झोपेचं, तू वाचनाचं."

भिंगरीला राग आला. का आला हे तिला नीट सांगता आलं नसतं. इतके दिवस आपण कोणालातरी फसवतोय ह्या ओझ्याखाली ती वाकली होती, आणि इथे तर तिच्याच श्वासांची मोजदाद चाललेली. "मग सही का केलीत?"

"सेवा झाली होती म्हणून केली. कोणाची कोणी केली, असा रकाना तुमच्या कार्डावर नाही." सिस्टरनं वही मिटली आणि तिच्यावरून हात फिरवला. "रात्रपाळीत एक रीत असते. सकाळची सिस्टर आली, की ती खाटांवरून एक नजर फिरवते, सही करते आणि म्हणते, 'मी आहे.' तेवढं ऐकल्याशिवाय रात्रीची सिस्टर जागची हलत नाही. माझ्या शेवटच्या दिवशी सगळे हारतुरे, भाषणं यात गुंतले. ते म्हणायचं राहूनच गेलं. तेव्हापासून बघ, दिवसा तर नाहीच, रात्रीही डोळ्याला डोळा लागत नाही. डुलकी येते आणि दचकून उठते, कोणी हाक मारली की काय म्हणून. हाक मारणारं कोणी नव्हतं. मग तू आलीस."

खाली मशीन घरघरत होतं.

"पदक घे तू," सिस्टर म्हणाली. "मी दोन वाक्यं पाठ करून ठेवलीत."

"कोणती?"

"ती स्टेजवर."

भिंगरी जिना उतरली. तिला मोकळं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे ते ग्रीसचे हात येत होते. सिस्टरनं माफ केलं म्हणून 'वाचन' खरं होत नव्हतं.

शुक्रवारी ती मुख्याध्यापिका बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, माझं कार्ड खोटं आहे."

"सही खोटी आहे?"

"सही खरी आहे. वाचन खोटं आहे. तिथे मी झोपले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बासष्ट तास?"

"पंचावन्नच्या आसपास असतील. सिस्टरकडे नोंद आहे."

बाई उठून खिडकीशी गेल्या. मैदानावर पताका बांधायचं काम चाललं होतं. "हे तू मला सांगितलं नसतंस तर कोणालाही कळलं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता मला पदक देता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग कार्ड दुरुस्त कर. आणि टांग दोरीवर. टांगायचं सगळ्यांचंच असतं."

शनिवारी व्हरांडा माणसांनी फुलून गेला होता. वाऱ्यानं कार्डं हलत होती, निळी, ओळीनं, आणि त्यांच्या मधून चालताना भिंगरीला आपण पाण्याखालून चाललोय असं वाटत होतं. तिच्या कार्डापुढे गर्दी जमली होती. एकतीस ठिकाणी 'वाचन' खोडून त्यापुढे त्याच बक्षीसपात्र अक्षरात लिहिलं होतं, 'थोडं वाचन, मग झोप.' लोक वाचत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. बाप ठेवणीतला कोट घालून आला होता. त्यानं कार्ड जवळून वाचलं. मग दोन पावलं मागे सरकून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काय चष्मेवाले," मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगी झोपण्यात पहिली आली वाटतं."

बाप हसला नाही, चिडलाही नाही. वाऱ्यानं वाकडं झालेलं कार्ड त्यानं सरळ केलं.

पदक उंच मुलाला मिळालं. वसतिगृहातल्या एका काकांनी चाकाच्या खुर्चीतून येऊन ते त्याच्या गळ्यात घातलं आणि दोन वाक्यं बोलले. खुर्चीचं चाक जरासुद्धा कुरकुरलं नाही. भिंगरीनं हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. सिस्टर तिसऱ्या रांगेत बसली होती, पांढऱ्या साडीत, पाठ ताठ. तिला कोणी स्टेजवर बोलावलं नाही.

बाप आणि भिंगरी घराकडे निघाले. दुकान मागे पडलं, चौक मागे पडला.

"तिथे लागते चांगली झोप?" त्यानं विचारलं.

"लागते."

"आणि घरी?"

भिंगरीनं रस्त्याकडे बघितलं. "घरी मी झोपेतसुद्धा गजराची वाट बघत असते, बाबा."

बाप चालता चालता थांबला. "मी पण," एवढंच म्हणाला आणि तिचा हात धरला. घरी पोचल्यावर त्यानं कोटही न काढता घड्याळ मांडीवर घेतलं, चष्मे दुरुस्त करायच्या बारीक पेचकसानं मागचं झाकण उघडलं आणि गजराची स्प्रिंग काढून खिशात टाकली. सोमवारी त्यानं दुकानातल्या फळीवर मधोमध केलेल्या जागेत वाचायचे चष्मे मांडले.

पुढच्या गुरुवारी शाळेनं कोणाला कार्डं दिली नव्हती. वर्ष संपलं होतं. भिंगरी दोनला जिना चढली. ह्या वेळी धापा टाकत नव्हती, एकेक पायरी सावकाश.

"आज कशाला आलीस?" सिस्टर म्हणाली. "आता सही करायला काही नाही."

भिंगरीनं ट्रंकेवरची लांबट वही उचलली. खिशातून पेन काढलं. खुर्ची खिडकीपासून ओढून खाटेच्या पायथ्याशी आणली, जिथून झोपलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. मग तिनं खोलीवरून एक नजर फिरवली, घड्याळ, औषधांच्या बाटल्या, खाट, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात सही केली.

"मी आहे," ती म्हणाली. "तुम्ही झोपा, सिस्टर."

सिस्टरनं पदराचं टोक एकदा डोळ्यांना लावलं आणि मग गुपचूप जाऊन आडवी झाली. हात पोटावर जुळवले, डोळे मिटले, श्वास संथ केला.

"सोंग नको," भिंगरी म्हणाली.

सिस्टरला हसू फुटलं. हात सुटले. पडदा फुगला, टेकला. खालचं मशीन थांबलं, सुरू झालं.

"ती दोन वाक्यं राहिली माझी," सिस्टर डोळे मिटूनच म्हणाली. तिचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "पहिलं... अकरा वर्षांनी कोणीतरी माझ्या भरवशावर झोपलं."

"आणि दुसरं?"

"दुसरं..." सिस्टर म्हणाली.

भिंगरी वाट बघत राहिली. सिस्टरचं तोंड हळूहळू उघडं पडलं. एक हात खाटेवरून खाली लोंबला. सोंगातली झोप किती नीटनेटकी असायची, आणि ही खरी झोप अशी अस्ताव्यस्त, घशातून बारीक घोरणारी. भिंगरीनं उठून तो हात अलगद वर ठेवला, पांघरूण घातलं आणि सेकंदाच्या काट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतका वेळ एका जागी, जागी बसली होती.

मग तिनं वहीत लिहिलं, 'झोप लागली दोन एकोणचाळीस. श्वास मिनिटाला चौदा. घोरतात. दुसरं वाक्य राहिलं आहे. उठवलं नाही.'